खाणीत ओतलेलं मीठ

ज्याच्याखाली माझ्या एकटीची सही असणार होती, असा माझा पहिला अहवाल कचऱ्यावर होता. आईला मोठ्या कौतुकाने सांगायला गेले, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढं एम.एस्सी. केलंस ते उकिरडा शोधायला?" मी अशी भडकले की दोन दिवस तिच्याशी बोललेच नाही. तेव्हा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. अजूनही फार खाली उतरलेला नाही.

दोन हजार दहाच्या आगेमागेची गोष्ट. मी पनवेलजवळ विचुंब्याला एका नव्या बिल्डिंगीत भाड्याने राहत होते. रोज सकाळी खिडकीतून बघावं तर कुठेतरी आणखी एक मजला चढलेला. माणसं येत होती, घरं भरत होती आणि त्यांच्या मागोमाग कचरा. तो रस्त्याच्या कडेला, खाडीच्या काठाला, मोकळ्या प्लॉटमध्ये साठत चालला होता. त्याला एक कायमची, नीट बांधलेली जागा हवी होती. ती कुठे असावी हे बघायचं काम फिरत फिरत आमच्या छोट्या ऑफिसकडे आलं होतं. जमिनीची तपासणी करणारे आम्ही पाच-सहा जण, वर एक साहेब. साहेबांनी फाईल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "ही तू एकटीने कर. सही पण तुझीच."

कचरा टाकायला जागा लागते म्हणजे नुसता खड्डा लागत नाही. कचरा कुजतो, त्यावर पाऊस पडतो आणि त्यातून एक काळं, घाण पाणी झिरपत खाली जातं. ते पाणी कुणाच्या पिण्याच्या पाण्याला जाऊन मिळता कामा नये. बाकी रस्ता, वारा, घरांचं अंतर हे सगळं कागदावर मांडता येतं. खरा प्रश्न एकच, खालचा खडक ते पाणी धरून ठेवेल की नाही.

आणि माझ्या वाट्याला आलेली जागा बघून मी खूशच झाले. पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत, कित्येक वर्षं बंद पडलेली दगडाची खाण होती. पहिल्यांदा तिच्या काठावर उभी राहिले ती दुपार मला अजून आठवते. डोंगराचा एक अख्खा घास कुणीतरी तोडून नेलेला. समोर काळी कातळभिंत, सरळसोट, सात-आठ मजल्यांएवढी. खाली तळाशी हिरवट पाण्याचं डबकं, आणि भिंतीच्या मध्यावर दगडात रुजलेलं एक उंबराचं झाड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत होता, हे मी परीक्षेत दहा वेळा लिहिलं होतं. पण तो वाक्यातला लाव्हा आणि हा माझ्यासमोर उभा असलेला, यांत फार फरक होता. बाई गं, आपण केवढ्याशा, असं मी मोठ्याने म्हणाले. बरोबरचा ड्रायव्हर हसला.

आम्ही तळाशी तीन ठिकाणी भोकं पाडली. यंत्राने खोल जायचं आणि आतून दगडाची लांब कांडी बाहेर काढायची, ती लाकडी पेटीत क्रमाने मांडून ठेवायची. तिन्ही भोकांतून काय कांड्या आल्या म्हणून सांगू! काळ्याभोर, गुळगुळीत, एक तडा नाही. हातोडा मारला की टणकन आवाज. मग भोकांत दाबाने पाणी सोडून बघितलं, तर खडक थेंबभरही पिईना. असा खडक पुस्तकात असतो. मी ऑफिसात आले आणि त्याच संध्याकाळी कच्च्या अहवालात लिहून टाकलं, 'जागा योग्य.'

राहिलं होतं फक्त आसपासच्या विहिरींची नोंद करणं. ते म्हणजे निव्वळ रकाने भरायचं काम, असं मी समजत होते. कप्पाळ माझं!

खाणीच्या पायथ्याशी, पाऊण किलोमीटरवर एक आगरी गाव आहे. गावाला नळ आहे, पण नळाला पाणी आठवड्यातून दोनदा, तेही करंगळीएवढं. सगळं गाव जगतं ते एका बांधीव विहिरीवर. मेमध्ये आजूबाजूच्या विहिरींचे तळ दिसतात, ही एकटी आटत नाही. मी काठावर टेप घेऊन पाण्याची खोली मोजत होते, तेव्हा मागून एक आवाज आला, "बाय, वर खानीत भोकं पाडतेस ती तूच ना?"

सत्तरीचे म्हातारे होते. कमरेला पंचा, अंग काटक, हातापायांची कातडी वाळलेल्या सुकटासारखी आणि डोळे मात्र स्वच्छ. आयुष्य उरणच्या बाजूच्या मिठागरांत गेलेलं. मिठागरांच्या जागी गोदामं आणि कंटेनर आले, तेव्हा घरी बसले. त्यांना सगळं गाव बाबा म्हणायचं, मीही म्हणू लागले.

"हो बाबा. तपासतोय. खडक चांगला आहे."

"चांगला म्हंजे?"

"म्हणजे पाणी खाली जाऊ देणार नाही असा."

बाबांनी मान वळवून वर खाणीकडे बघितलं. मग म्हणाले, "खान चालू व्हती तवा वर सुरुंग लावला का दोन-चार दिसांनी हिचं पानी पांढरं व्हायचं. पिठासारखं. आमी फडक्यानं गालून प्यायचो. तुझा खडक पानी सोडत नाय, मंग ती भुकटी इतं कशी यायची?"

मला आधी रागच आला. तीन भोकं, पंधरा दिवसांचं काम, पेट्याच्या पेट्या भरून पुरावा, आणि हे मला सांगताहेत! मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "बाबा, धूळ वाऱ्याने पण येते."

"वाऱ्यानं आली असती तर त्याच दिशी आली असती," बाबा शांतपणे म्हणाले. "तुझी तीन भोकं नि आमची येक विहीर. बघ तूच."

मी स्कूटीला किक मारली आणि निघाले. पण डोक्यातून ते जाईना. रात्रभर कूस बदलत विचार केला. तीन भोकं उभी. समजा, डोंगरात एखादी उभीच भेग असली, तर तिच्या एका हातावरून भोक खाली जाईल आणि तिला शिवणारही नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. पण कांड्या इतक्या सुंदर आल्या की मी विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गावात चहा प्यायला बसू नकोस, पाघळतेस तू. ऐकीव गोष्टींवर अहवाल बदलत नसतात. पुरावा आण. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी कागद टेबलावर पाहिजे."

पुरावा म्हणजे काय, तर खाणीतलं पाणी विहिरीत येतं हे दाखवायचं. त्यासाठी रंग वापरतात. वर रंग ओतायचा आणि खाली उतरतो का बघायचं. पण रंग मागवायला वेळ लागणार होता, आणि पिण्याच्या विहिरीत हिरवं पाणी उतरलं तर गाव मला हाणेल, तेही बरोबरच. बाबांच्या ओसरीवर बसून मी हे रडगाणं गात होते. बाबा म्हणाले, "मीठ टाक. मीठ कुटं जातं ते आमाला कलतं."

"कसं कळतं?"

"जिभेला."

मी हसले. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. आतून बाबांची बायको पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "हसू नको बाय. भाजीत मीठ येक चिमूट कमी पडला तरी हा ताट सारतो. पन्नास वर्सं मी सोसतंय."

मग मला चेव आला. मी पाच पेले मागून घेतले. दोनांत साधं पाणी. तिसऱ्यात चिमटीभर मीठ, चौथ्यात त्याच्या निम्मं, पाचव्यात दोन-चार कण टाकले असतील नसतील. ढवळून मी स्वतः चाखलं, तर मला पाचव्यात आणि साध्या पाण्यात काहीएक फरक कळेना. पेले उलटसुलट मांडले आणि बाबांना हाक मारली.

बाबांनी घोट घेतलाच नाही. बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि पेला हलवून ठेवायचा. पाच पेले संपले तेव्हा ओळ लागली होती, डावीकडे साधे दोन, मग दोन-चार कणांचा, मग निम्मा, मग चिमटीचा. मी तळाला गुपचूप केलेल्या खुणा तपासल्या. एकही चूक नाही.

बाबा म्हणाले, "मिठागरात येका वाफ्यातला पानी दुसऱ्या वाफ्यात कवा सोडायचा, ते बोटानंच ठरवायचं. घाई केली तर मीठ धरत नाय, उशीर केला तर कडू व्हतं. आमच्या बापसानं शिकवलं." त्यात आपण काही विशेष केलं असं त्यांना वाटतही नव्हतं. मी मात्र त्या बोटाकडे बघत राहिले.

आता अडचण अशी की सगळं गाव पितं त्या पाण्यात मीठ जाणार. संध्याकाळी बायका पाण्याला आल्या, तेव्हा बाबांच्या बायकोने त्यांना थांबवलं आणि मला म्हणाली, "सांग आता." मी सांगितलं. खाणीचा आणि विहिरीचा संबंध असेल, तर काही दिवस पाणी मचूळ लागेल, मग आपोआप धुऊन जाईल. संबंध नसेल तर काहीच होणार नाही. एकीने विचारलं, "आनि नाय तपासलं तर?" मी म्हटलं, "तर अहवालात लिहिलेलं तसंच राहील. वर कचरा येईल." कडेवर लेकरू असलेली एक सून म्हणाली, "आमी पिऊ. पन बारक्यांना काय पाजू?"

तेवढ्यात विहिरीच्या कठड्याला टेकून उभा असलेला एक जण बोलला, "बारक्यांचं पानी मी आनीन टेम्पोनं. टाका मीठ. येकदाचा निकाल लागू दे."

हा बाबांचा मुलगा. चाळिशीतला, आडव्या अंगाचा, गळ्यात चेन, गाव त्याला दादूस म्हणायचं. खाण चालू होती तेव्हा तो तिथे डंपर चालवायचा. आता त्याचे स्वतःचे दोन डंपर होते, पण काम कधी असायचं, कधी नसायचं. कचऱ्याची जागा इथे झाली, तर माती टाकायचं आणि सपाटीचं काम त्याला मिळेल, वर्षानुवर्षं मिळेल, असा त्याला शब्द मिळाला होता. हे त्याने माझ्यापासून लपवलं नाही. मला म्हणाला, "मॅडम, मी त्या खानीत बारा वर्सं काढली. लोखंड हाय ते. बाबा सांगतात ती सुरुंगाची भुकटी वाऱ्याचीच. बघाल तुमी." त्याला खात्री होती, म्हणून तो मोकळ्या मनाने हो म्हणत होता.

रविवारी त्याच्याच टेम्पोतून दहा पोती जाडं मीठ वर खाणीत गेलं. ते पिंपांत विरघळवून डबक्यात सोडायचं होतं. मी पोत्याची शिवण सोडायला बसणार, तर बाबा म्हणाले, "चपला काड." सगळ्यांनी काढल्या. मिठावर चप्पल घेऊन जायचं नाही. ऑफिसातला ड्रायव्हर कुरकुरला, खाली खडी टोचत होती, पण बाबांनी बघितल्यावर त्यानेही काढल्या. बाबांनी पहिल्या ओंजळीला कपाळ लावलं आणि मग ती पिंपात सोडली. तो कातळ, ती दहा पोती, अनवाणी उभे असलेले आम्ही चार जण आणि वर उंबर. आपण तपासणी करतोय की पूजा, तेच मला कळेना.

सोमवारपासून मी रोज सकाळी विचुंब्याहून स्कूटीने विहिरीवर जायला लागले. बादली सोडायची, पाणी काढायचं, टीडीएस मीटर बुडवायचा, आकडा वहीत लिहायचा. हा मीटर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो, मीठ आलं की आकडा चढणार. सोमवारी चढला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. बायका जाता-येता विचारायच्या, "काय गं, आला का?" मी मान हलवायची. दादूस रोज टेम्पो थांबवून हाक मारायचा, "काय मॅडम, आला का समुद्र?" मी दात-ओठ खायची आणि हसायची.

खरं सांगते, गुरुवारी मला हायसं वाटायला लागलं होतं. आकडा जागचा हलत नव्हता. माझा खडक चांगला, माझ्या कांड्या चांगल्या, मी चांगली. शुक्रवारी तर साहेबांना फोन करून सांगितलंही, "काही नाही सर. सोमवारी कागद देते." साहेब म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" त्या दिवशी मला बाबा विहिरीवर दिसले नाहीत. मी फारसं मनावरही घेतलं नाही.

शनिवारी रोजच्यापेक्षा लवकर गेले, तर उजाडायच्या आतच येऊन बाबा काठावर बसलेले. बायका यायच्या होत्या. बाजूला एक काचेची बाटली, तिला सुतळीने दगड बांधलेला. मी नेहमीसारखी बादली सोडायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"बाय, वरचा पानी काय बघतेस?"

"म्हणजे?"

"खारा पानी जड. तो तली बसतो. वरती गोडाच राहतो. बायका पानी काडायला लागल्या का तो बी ढवलून पातल व्हतो. तू रोज येऊन वरची साय बघून जातेस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खारं पाणी जड असतं हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं! समुद्राच्या काठाला गोड्या पाण्याखाली खारं पाणी कसं बसतं, यावर मी कॉलेजात निबंध लिहिला होता. आणि इथे आठवडाभर मी बादलीने पृष्ठभागावरचं पाणी उपसून मीटरला विचारत होते. डोंबल माझ्या शिक्षणाचं!

बाबांनी बाटली सोडली. तिच्या बुचाला वेगळी दोरी होती. बाटली तळाला टेकली, तशी त्यांनी ती दोरी हिसडली, बूच सुटलं आणि वर बुडबुडे आले. बुडबुडे थांबले तशी बाटली ओढून घेतली. त्यांनी ती आधी माझ्या हातात दिली. मी चाखलं. मला काही कळलं नाही. मी मीटर बुडवला.

आकडा चढत गेला. थांबला तेव्हा रोजच्या दुपटीच्या जवळ होता.

पुन्हा बाटली सोडली. पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदा सोडली. पाऊण किलोमीटर डोंगराच्या पोटातून, ज्या खडकावर मी हातोडा मारून टणकन आवाज ऐकला होता त्याच्यातून, ते मीठ चालत इथवर आलं होतं. ते कोणत्या वाटेने आलं हे कुणालाच दिसलं नव्हतं, आणि कळलं होतं फक्त या माणसाच्या बोटाला. मी बाबांच्या पायाशी वाकले. ते मागे सरले आणि म्हणाले, "माझ्या काय पाया पडतेस, पान्याच्या पड." मी खरंच विहिरीला हात जोडले. त्या वेळी मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

दादूस टेम्पोला टेकून लांब उभा होता. त्याने समुद्राचं विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. टेम्पोत बसला आणि निघून गेला. मला वाटलं, झालं, हा माणूस आता जन्मभर माझं तोंड बघणार नाही.

साहेबांना फोन केला. ते आधी चिडले, मग म्हणाले, "म्हाताऱ्याची जीभ हा पुरावा होत नाही." मी म्हटलं, "जीभ नाही सर, मीटर आहे. या आणि बघा." रविवारी ते स्वतः आले. बूट काढून कठड्यावर उकिडवे बसले, बाटली स्वतः सोडली, मीटर स्वतः बुडवला. आकडा बघून मीटर पुसला, पुन्हा बुडवला. मग इतकंच म्हणाले, "च्यायला." आमच्या साहेबांच्या तोंडून याहून मोठी दाद मी कधी ऐकली नाही.

तिथून आम्ही वर खाणीत गेलो. आता काय शोधायचं ते माहीत होतं, त्यामुळे अर्ध्या तासात सापडलं. डबक्याच्या कडेला, माझ्या दुसऱ्या भोकापासून जेमतेम चार पावलांवर, कातळात एक भेग होती. दोऱ्याएवढी. नखही आत जाणार नाही अशी. ती पाण्यातून वर निघून भिंतीवर सरळ चढत गेली होती आणि त्याच रेषेत, वर उंबराने मूळ रोवलं होतं. त्या झाडाला पाणी कुठून मिळतं, हे मी पहिल्या दिवसापासून एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. कोटी कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तडकला असेल, आणि तेव्हापासून ही वाट तिथेच होती. साहेब आणि मी दोघंही मान वर करून बघत राहिलो. एवढ्याशा रेषेवर खाली एक अख्खं गाव जगत होतं.

सोमवारी मी अहवाल दिला. 'जागा अयोग्य.' खाली माझ्या एकटीची सही. पुढे वरच्या लोकांनी खूप प्रश्न विचारले, दोन वेळा पुन्हा तपासायला लावलं, शेवटी मान्य केलं. कचऱ्याला दुसरी जागा शोधायला आणखी बराच काळ गेला, तो खटाटोप वेगळा. पण ती खाण यादीतून गेली.

विहिरीचं पाणी मात्र पुढे तीन-चार आठवडे मचूळच होतं. मी अधूनमधून जायची, मला चैन पडायची नाही. बायका म्हणायच्या, "भाजीत मीठ कमी टाकतो बाय, बचत झाली," आणि मला हसवायच्या. दादूसचा टेम्पो रोज सकाळी पिंपं भरून यायचा आणि ज्या ज्या घरात लहान मूल होतं, त्या दाराशी थांबायचा. मला बघून तो मान हलवायचा, एवढंच. त्याचे डंपर घराच्या मागे उभे असायचे. मला त्याच्याशी बोलायचं धैर्य होत नव्हतं.

शिमगा होऊन गेला त्यानंतरची गोष्ट. पाणी पुन्हा गोड झालं होतं. मी बाबांच्या ओसरीवर बसले होते. असंच बोलता बोलता विचारलं, "बाबा, तुम्हाला शनिवारी पहाटे कळलं ना?"

बाबा म्हणाले, "नाय. शुक्रवारी पाटं."

"शुक्रवारी? आणि मला शनिवारी सांगितलंत?" माझा आवाज चढला. "मी त्या दिवशी साहेबांना 'काही नाही' म्हणून फोन करून मोकळी झाले होते! सोमवारी कागद जाणार होता बाबा. तुम्ही एक दिवस गप्प बसलात?"

"बसलो," बाबा म्हणाले. "आधी पोऱ्याला सांगायचं व्हतं."

माझा राग जिथल्या तिथे जिरला. ते सावकाश बोलत होते, समोरच्या अंगणाकडे बघत. "त्याला बोललो, मीठ आलंय. मी अजून कोनाला सांगितलं नाय. बायचा मीटर वरचा पानी बघतो, त्याला सोमवारपरेंत काय बी कलायचा नाय. तू सांग, काय करू."

"मग?"

"मंग तो उठला, विहिरीवर गेला. बाटली सोडली, तलाचा पानी काडला, सगली बाटली प्यायला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बोलला, मला नाय लागत खारट. मी बोललो, तुला नाय लागायचा, तू मिठागर नाय केलंस."

बाबांनी पाय जवळ घेतले. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"सुतली बाटलीला गुंडालली. मंग बोलला, तुमाला लागतोय ना, बाबा? मंग सांगा तिला."